चौथ्या गाळ्याचं पाणी

आमच्या बंधाऱ्याला सात गाळे आहेत, आणि त्यातल्या चौथ्या गाळ्यासमोरचं पाणी मी तोंडात घेत नाही. पाण्याला गाळा नसतो, ते सगळीकडून एकच येतं, हे मला कळतं. उभा जन्म मी पाणी संस्थेचा पाटकरी म्हणून पाणी वाटलं. पाण्याचं मला कुणी शिकवायला नको. तरी नाही घेत. माझी बायको विठा म्हणायची, "तुमचं डोस्कं फिरलंय." फिरलं असेल. ज्याच्या हातात तो दोर होता, त्याचं फिरणार नाही तर कुणाचं?

ज्यांनी बंधारा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. नदीच्या पात्रात दगडी खांब उभे आहेत. दोन खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गाळा. पावसाळ्यात गाळे उघडे असतात, पूर आपला वाटेनं निघून जातो. पाऊस सरला की खांबांच्या खाचांत लाकडी बरगे सोडायचे. बरगा म्हणजे हातभर रुंदीची जाड फळी. दोन टोकांना दोन कड्या, दोन गड्यांनी आकडे अडकवून उचलायची. एकट्याच्यानं ती हलत नाही. अशा एकावर एक दहा. फटींत काळी माती आणि उसाचं पाचट ठेचायचं. मग पाणी तुंबतं, मोटरी चालतात, ऊस जगतो. मृग निघायच्या आत सगळे बरगे परत काढायचे, नाहीतर पुराबरोबर बंधाराही जायचा.

बरगा उचलायला सोपा, म्हणून पाणी चोरायलाही सोपं. खालच्या अंगाच्या माणसांना तहान लागली की एखादा बरगा गुपचूप वर यायचा आणि आमचं पाणी त्यांच्या दारी जायचं. हे थांबवलं हंबीररावांनी. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. संस्थेचे चेअरमन. पांढरं धोतर, पायात करकरणाऱ्या वहाणा, आणि कुणाच्या घरचा चहा म्हणून घ्यायचे नाहीत. चहा घेतला की पाण्याची पाळी मागायला तोंड उघडतं, असं म्हणायचे. पहिला बरगा सोडायच्या दिवशी ते नारळ फोडायचे, नदीचं पाणी ओंजळीत घ्यायचे आणि सगळ्या गावाला आपल्यामागून म्हणायला लावायचे, "मृगाआदी बरगा उचलणार न्हाई. उचलंल त्येच्या वावराला पाणी न्हाई."

नुसतं म्हणून थांबणारा गडी नव्हता. त्यांचा सख्खा धाकटा भाऊ बाळासो, त्यानं एकदा खालच्या मळ्यातल्या शाळूसाठी एक बरगा उचलला. आबांनी भर सभेत भावाचं पाणी तोडलं. शाळू उभ्या उभ्या वाळला. बाळासोची बायको आबांच्या पायावर पडली, तर आबा रडले. खरोखर रडले, मी पाहिलंय. आणि रडत रडत म्हणाले, "बाई, कर्तव्य म्हंजे कर्तव्य. त्येला भाऊ ठावं नसतोय." गावानं टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. फक्त पाटकरी असल्यामुळे मला एक गोष्ट ठाऊक होती. पाळी संपली की पाटात जे पाणी उरायचं ते वाहत वाहत आबांच्याच उसात जायचं. त्याला ते उरलंसुरलं म्हणायचे. त्यांचा ऊस सगळ्या गावात हिरवागार असायचा.

गौस मुलाणी बुडी मारायचा. मुलाण्याचं घर गावात एकच. गावची बकरी हलाल करायचा मान त्या घराचा, आणि बंधाऱ्याच्या फटी बुजवायचं कामही त्याच घरात पिढीजात आलेलं. गौसचा बाप इलाहीचाचा. आधी नदीच्या उतारावर लोकांना पोहून नेणारा, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गौसची बायको ताजबी, आणि सहा वर्षांची पोर नजीरा. गौस पाण्याखाली एवढा वेळ राहायचा की वरची माणसं बिडी पेटवायची, ती विझायची तरी हा खालीच. त्याच्या कमरेला काथ्याचा दोर, आणि दोराचं दुसरं टोक माझ्या हातात. एक झटका म्हणजे मातीची टोपली सोड. दोन झटके म्हणजे वर घे. पाच वर्षं आमचं दोघांचं हेच बोलणं.

बहात्तर सालात पाऊस भाद्रपदातच तोंड फिरवून गेला. नदी पाटासारखी झाली. आबांनी बरगे लवकर घालायला लावले. त्या वर्षी दिवाळी आणि रमजानची ईद एका आठवड्यात आली होती. घरोघर चकल्यांचा वास, आणि गौस दिवसभर निरंकार उपाशी. दहाही बरगे बसले, पाणी चढू लागलं, आणि चौथा गाळा गळायला लागला. चौथ्यात नदीची मूळ धार, तिथंच डोह सगळ्यात खोल. तळापासून तिसऱ्या बरग्याखाली फट होती आणि बंधाऱ्याच्या पलीकडे पाण्याची जाड पिचकारी उडत होती.

"उद्या बघू की रं," मी म्हणालो. "रोजा सोड, चार घास खा, मग उतर."

"आबा म्हंत्यात आजच." गौस लंगोट कसत होता. "एका रातीत हातभर पानी जातंय म्हणं. खरं त्वांडात एक थेंब बी जाता उपेगाचा न्हाई बघ. रोजा तुटतोय."

"आयला, पाण्यात राहून कोरडा राहणारा तू एकटाच."

तो हसला. अंगानं काटकुळा, पण छाती भात्यासारखी. दंडाला काळ्या दोऱ्यात तांब्याचा ताईत. दोनदा खाली जाऊन आला. दुसऱ्या खेपेला वर येऊन त्यानं नाक शिंकरलं, ओठ घट्ट मिटलेले, हातानंच खूण केली की फट मोठी आहे. तिसऱ्यांदा गेला. एक झटका आला. मी टोपली सोडली. मग जरा वेळानं दोन झटके आले.

मी ओढलं. दोर ताठ झाला आणि तिथंच राहिला.

परत दोन झटके. मी पाय खांबाला रेटून ओढलं. दोर माझ्या तळहातातून सरकला, कातडं निघालं. गौस हलला नाही. फटीची ओढ एवढी असते की माणसाचा हात आत गेला तर बैलजोडीही काढू शकणार नाही. हे मला माहीत होतं, आणि त्या क्षणी मला आणखी काहीच माहीत नव्हतं.

"गावलाय! गौस गावलाय!" मी ओरडलो. "वरलं बरगं काढा! पानी उतरवा!"

दोन गडी आकडे घेऊन धावले. एक आकडा माझ्या पायाशीच पडला होता. आबा बंधाऱ्यावरच उभे होते. त्यांनी हात वर केला.

"थांबा."

धावणारे थांबले. असा हात त्यांनी वर केला की बैलसुद्धा थांबायचे.

"धा न्हाई तर सात बरगं काढाय लागतील," आबा म्हणाले. आवाज अगदी शांत. "त्येला घटकाभर जाईल. तवर त्यो जगतोय व्हय? मानूस बी जाईल आनि पानी बी जाईल. औंदा नदी परत भरायची न्हाई. दोनशे घरं हाईत. दुसरा कोन तरी बुडी मारा."

दुसरा कोण मारणार? गौस सोडून गावात तळ गाठणारा एक माणूस नव्हता. मी दोर खांबाच्या कडीला बांधून उडी टाकली. अर्ध्यावर गेलो आणि कान फुटायला आले. वर आलो. तेवढ्यात दोर दोनदा हलला. परत गेलो, परत अर्ध्यावरूनच आलो. दोर दोनदा हलला. मी आकड्याकडे बघितलं. मग आबांकडे बघितलं. दुसऱ्या टोकाला कुणी नव्हतं आणि एकट्याच्यानं बरगा हलत नाही, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलोय. खरं असं आहे की मी आकडा उचललाच नाही. हाक मारली असती तर कदाचित एखादा आला असता. मी पाटकरी होतो, माझी भाकरी आबांच्या हातात होती, आणि आबांनी थांबा म्हटलं होतं.

दोर हलायचा थांबला तेव्हा ऊन खांबांवरून खाली उतरत होतं. ताजबीनं घरी खजुराची ताटली आणि पाण्याचा तांब्या मांडला असेल. रोजा सोडायची वेळ होत आली होती.

दुसऱ्या दिवशी आबा अनवाणी मुलाण्याच्या घरी आले. मी दारातच बसलो होतो. तळहातांना विठानं हळद लावून फडकं बांधलं होतं. आबांनी टोपी काढली आणि इलाहीचाचांच्या पायाशी बसून ढसाढसा रडले. नजीराला मांडीवर घेतलं. "आजपसनं ही माजी पोर," म्हणाले. "गौस न्हवं, माजा उजवा हात ग्येला. बंधाऱ्याला त्येचं नाव देनार हाय मी."

इलाहीचाचा भिंतीला टेकून बसले होते. पांढऱ्या पडलेल्या डोळ्यांनी आबांच्या आवाजाकडे बघत होते.

"आबा, नाव नगं," ते म्हणाले. "येक दीस बरगं काढा. माजं पोरगं वर काढू द्या. मैयत व्हऊ द्या. मंग हाईच की तुमचं पानी."

"चाचा, आता पानी ग्येलं तर पुना न्हाई. तुमी गावचं जुनं मानूस, तुमाला काय सांगू? मृगाला काढू. पैला बरगा त्येच्यासाठीच काढू."

"सात म्हैनं?"

आबांनी डोळे पुसले. "मी कोल्लापुरात मौलवीसायबांस्नी इचारून आलोय. पान्यात गेल्येला मानूस तुमच्यात शहीद म्हंत्यात. त्येला काय कमी न्हाई, चाचा. त्यो सरगातच हाय."

एका रात्रीत हा माणूस कोल्हापूरला जाऊन मौलवींना विचारून आला होता. माझ्या मनात आलं, पाण्यासाठी एवढी धाव घेतली असती तर तिला मी चिकाटी म्हणून वाखाणलं असतं.

"शहीद असंल," इलाहीचाचा म्हणाले. "तर शहीदाला कबर तरी असू द्या की."

आतून ताजबी बाहेर आली. डोक्यावर पदर, डोळे कोरडे. "माज्या पोरीच्या बापाच्या जागी तुमचं कोन असतं तर काय केलासा असतं आबा?" तिनं विचारलं. "म्हंजे तुमचा पोरगा असता तर?"

"माजा पोरगा असता तरी बरगा हलला नसता," आबा म्हणाले. त्यांनी शपथेसारखा हात वर केला. आणि तुम्हाला सांगतो, दारात जमलेल्या गावानं माना डोलावल्या. बाळासोचा वाळलेला शाळू सगळ्यांना आठवला. एवढा सच्चा माणूस, म्हणाले लोक.

ईद आली तशी गेली. त्या घरात शेवया शिजल्या नाहीत. खजुराची ताटली ताजबीनं फडताळात झाकून ठेवली, ती तशीच.

दोर मात्र कडीलाच बांधलेला राहिला. तो सोडायचं कुणाला सुचलं नाही, आणि मला सुचलं तरी माझ्यानं झालं नाही. रोज सकाळी मी बंधाऱ्यावरून मोटरी बघायला जायचो. दोर पाण्यात तिरका गेलेला असायचा. मोटर चालू झाली की पाणी ढवळायचं आणि दोर हलायचा. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा. मी मान फिरवायचो. पाठीमागून तो दोनदाच हलतोय हे मला न बघता कळायचं. घरी भाकरी मोडताना माझ्या बोटांना झटके बसायचे. विठा म्हणाली, "दोर कापून टाका जावा." मी विळा घेऊन गेलो आणि तसाच परत आलो. गौस खाली होता आणि माझ्या हातात तेवढंच त्याचं टोक होतं.

गावाचं मनही खट्टू झालं होतं. बाया नदीचं पाणी भरताना थबकायच्या. पोरं डोहाकडे फिरकेनात. मग आबांनी रिवाज सुरू केला. रोज सकाळी चौथ्या गाळ्यापाशी उकिडवं बसायचं, सगळ्यांदेखत ओंजळभर पाणी घ्यायचं आणि तोंडाला लावायचं. "गंगा हाय ही," म्हणायचे. "गंगेला सोयर न्हाई, सुतक न्हाई." हळूहळू बाया पाणी भरायला लागल्या. माणसाला तहान लागतेच.

ताजबी भरत नव्हती. ती अर्धा कोस चालून माळावरच्या विहिरीला जायची. पौषात एकदा मी तिकडून येताना ती भेटली. तिच्या मागून आबांच्या घरची मोलकरीण चिमणाबाई, डोक्यावर दोन घागरी.

"चिमणाबाय, तू हितं कुठं?" मी विचारलं.

ती घाबरली. इकडं तिकडं बघितलं. "केरबादा, कुनाला बोलू नका. आबांच्या घरात नदीचं पानी बंद हाय. वैनीसायबांनी दिवाळीलाच माठ फोडलं. आबा सोताच म्हनाले, माळावरनं आन, खरं झाकून आन."

"आनि सकाळची ओंजळ?"

चिमणाबाईनं घागरी सावरल्या. ताजबी बोलली. "न्हाई पीत त्यो. मी बघितलंय. बोटातनं सोडतोय."

दुसऱ्या दिवशी मी अगदी जवळ उभा राहिलो. आबांनी ओंजळ तोंडाला लावली, गळा हलवला, मिशा पुसल्या. पाणी कोपरांवरून ओघळून परत नदीत गेलं. एवढ्या सफाईनं की सहा फुटांवरचा माणूस फसावा. मी दोन फुटांवर होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग ते म्हणाले, "केरबा, खालच्या पाटाचं दार गळतंय, बघ जा." मी गेलो.

चैत्रात गावची म्हाई, म्हणजे देवीची जत्रा, आली. घरटी बकरं. मुलाण्याच्या सुरीशिवाय आमच्या गावात मटण शिजत नाही, आणि सगळ्यांना घोर, की म्हातारा आला नाही तर काय करायचं. सहा महिने कुणी त्याच्या मुलाबद्दल बोललं नव्हतं, पण बकऱ्यांची काळजी गावाला रात्रीची झोप येऊ देईना! इलाहीचाचा आले. नजीरानं हात धरून आणले. डोळ्यांना दिसत नव्हतं तरी बोटांनी नस चाचपून, कलमा म्हणून, एकेक बकरं त्यांनी रीतसर कापलं. सगळ्यांत शेवटी आबांचं.

"चाचा, तुमचा वाटा," आबांनी पुढे केला.

"मान माजा हाय, म्हनून आलो," इलाहीचाचा म्हणाले. "गाव उपाशी ठेवनं माज्या बानं शिकिवलं न्हाई. वाटा नगं." घरून आणलेल्या पाण्यानं त्यांनी सुरी धुतली आणि गेले. त्यांनाही कर्तव्यच होतं. पण ते करताना त्यांनी कुणाला पाण्याखाली ठेवलं नव्हतं. त्या दिवशी मला मटण गेलं नाही.

वैशाखात, मृगाला चार आठवडे राहिले असताना, संस्थेची मोठी मोटर नदीत गेली. काठावरचा तिचा कट्टा पाण्यानं आतून खाल्ला होता. दुपारी धाडदिशी आवाज झाला, आणि मोटर उतारावरून घसरत चौथ्या गाळ्यापुढच्या डोहात. ऊस माथ्यावर आलेला, ऊन आग ओकत होतं. गाव काठावर गोळा झालं.

आबांनी डोहाकडे बघितलं. एकदाच. "उद्या पहाटं चौथ्या गाळ्याचं चार बरगं काढा," म्हणाले. "पुरुसभर पानी उतरलं की साखळी लागतीया."

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. "आबा, शपथ?"

"शपथ चोराला हाय. ही संस्थेची मालमत्ता हाय. चेअरमनच्या हुकुमानं काढल्यावर त्येला उचलनं म्हनत न्हाईत."

दुसऱ्या दिवशी पहाटे चार बरगे निघाले. किती सहज निघाले! आकडा अडकवायचा, दोघांनी हुप म्हणायचं, बरगा वर. चारांना मिळून एक बिडी ओढायला लागते तेवढाच वेळ. मी पाचव्याकडे बघत उभा राहिलो. घटकाभर म्हणाले होते आबा तेव्हा.

पाणी उसळत पलीकडे जाऊ लागलं. दुपारपर्यंत डोह उतरला. मोटरीचं लोखंड दिसलं. साखळ्या लागल्या, चार बैलजोड्या लागल्या, आणि गाळानं भरलेली मोटर काठावर आली. लोकांनी चांगभलं केलं. आबांनी मोटरीच्या अंगावरून हात फिरवला, माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"बस्स," म्हणाले. "बरगं घाला. लई पानी ग्येलं."

दोर आता जवळजवळ सरळ खाली गेला होता. सहा बरगे उरले होते. तिसऱ्याखाली गौस होता. आणखी तीन काढले असते तर पुरलं असतं.

तेवढ्यात ताजबी आली. मागून इलाहीचाचा, हातात पांढरं कापड. ती सरळ बंधाऱ्यावर चढली, चौथ्या गाळ्यात उतरली आणि उरलेल्या सहांतल्या सगळ्यात वरच्या बरग्यावर बसली. पाठ एका खांबाला, पाय पाण्यात. खाचेच्या मधोमध. वरून बरगा सोडायचा तर तिच्या डोक्यावरच सोडायला लागणार.

"घाला," ती म्हणाली.

कुणी हललं नाही. वाहत्या पाण्यानं तिचं लुगडं पलीकडे ओढलं जात होतं. तिनं दोन्ही हातांनी कडी धरली होती.

"बाई, वर ये," आबा म्हणाले. "चार आटवडं ऱ्हायलं. कशाला हट्ट करतीस?"

"मोटरीला रोजा न्हवता," ताजबी म्हणाली. "ती थांबली असती चार आटवडं."

आबा माझ्याकडे वळले. "केरबा, बाईला बाजूला घे."

मी पुढे झालो. माझ्या हातात आकडा होता. मी गाळ्याच्या कडेला आलो, खाली बघितलं. ताजबीनं वर बघितलं. मला वाटत होतं ती शिव्या देईल. ती म्हणाली, "दादा, तुमी दोर धरला व्हता न्हवं?"

मी आकडा बरग्याच्या कडीत अडकवला.

"केरबा!" आबा ओरडले. त्यांना ओरडताना मी त्या दिवशीच ऐकलं. "हुकूम न्हाई त्यो! तुज्या वावराला पानी न्हाई, सांगून ठेवतो!"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. पण एकट्याच्यानं बरगा हलत नाही. मी सगळ्या गावाकडे बघितलं. गाव आबांकडे बघत होतं. मग ताजबी उठली, पाण्यातून चाचपडत दुसऱ्या खांबाशी गेली, वर चढली, कुणाच्यातरी हातातला आकडा ओढून घेतला आणि दुसऱ्या कडीत घातला. आम्ही दोघांनी जोर केला. बरगा जागचा हलला, तिरका झाला, अडकला. माझ्या तळहाताचं जुनं कातडं परत फाटलं. तेव्हा गर्दीतून बाळासो आला. भावाकडे त्यानं बघितलं नाही. ताजबीच्या हातातला आकडा त्यानं हळूच घेतला. "वैनी, सरा," म्हणाला. पाचवा निघाला तेव्हा आणखी चार गडी आले होते.

उन्हं कलताना गौस दिसला. मी सगळं सांगणार नाही. हाडं, चिखल, आणि दंडाच्या जागी तांब्याचा ताईत. उजवा हात फटीत कोपरापर्यंत. कमरेला माझा दोर, गाळात रुतून कुजलेला, पण गाठ तशीच. ती गाठ मीच मारली होती. इलाहीचाचांनी गुडघाभर पाण्यात उतरून बोटांनी सगळं चाचपलं, बकऱ्याची नस चाचपायचे तसं हळुवार, आणि एकेक हाड स्वतः कापडात ठेवलं. दोर त्यांनी माझ्या हातात दिला.

दिवस बुडायच्या आत दफन झालं. सगळं गाव गेलं. परत आल्यावर मुलाण्याच्या अंगणात लोक बसले. आबाही आले, अनवाणी, टोपी हातात. आणि उभे राहून बोलले. म्हणाले, गौससाठी बंधारा उघडायचा निर्णय सोपा नव्हता. संस्थेचं नुकसान झालं. पण माणुसकीपुढं पाणी काय? लोक ऐकत होते. दोन-चार जणांनी मान डोलावली. मला वाटलं, मी उठून ओरडावं. मी बसून राहिलो, हातात दोर.

मग ताजबी आतून ताटली घेऊन आली. खजूर वाळून दगड झाला होता. तिनं प्रत्येकापुढे ताटली धरली. माझ्याजवळ आली. "घ्या, दादा. त्येंचा रोजा सुटला."

मी खजूर तोंडात टाकला. तो चावेना. मी रडलो, त्याची लाज वाटत नाही.

आबांपुढे तिनं ताटली धरली, आणि दुसऱ्या हातानं तांब्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आबा, पानी घ्या. नदीचं हाय. चौथ्या गाळ्यातलं, आत्ताच भरलंया."

दारातली चिमणाबाई खाली बघायला लागली. आबांनी तांब्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घाम आला. इथं ओंजळ नव्हती, बोटांतून सोडायला जागा नव्हती.

त्यांनी तांब्या घेतला आणि प्यायले. थांबले नाहीत, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले. गळ्याचं हाड वर खाली होताना मी मोजत होतो. मग तांब्या जमिनीवर ठेवला, मिशा पुसल्या, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सकाळी बरगं घालायचं. आनि केरबा, तुजं पानी उद्यापसनं बंद. नियम म्हंजे नियम."

एवढं बोलून ते गेले. भिंतीच्या पलीकडे, घाणेरीच्या झुडपाजवळ, त्यांची ओकारी मी ऐकली. पुष्कळ वेळ ऐकली. दुसऱ्या दिवशी पहाटे ते बंधाऱ्यावर सगळ्यांच्या आधी हजर होते. रिवाजाची ओंजळ मात्र त्यांनी परत कधी घेतली नाही, आणि गावातल्या कुणी का म्हणून विचारलंही नाही.

माझा ऊस त्या उन्हाळ्यात वाळला. बाळासोचा शाळू वाळला होता तसाच, उभ्या उभ्या. विठा बांधावर बसून रडली, आणि मग तिनंच मला म्हटलं, "जाऊ द्या. त्या पान्याचा ऊस न्हाई झाला, बरं झालं." बंधाऱ्यावर पुढच्या वर्षी दगडी पाटी बसली. गौसचं नाव आहे, त्याखाली मोठ्या अक्षरात आबांचं, आणि लिहिलंय की कै. गौस इलाही मुलाणी यांच्यासाठी ज्यांनी पाण्याची पर्वा केली नाही. आबा गेले त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. शाळेची पोरं पाटी वाचतात.

दोर माझ्या घरी आढ्याला टांगलेला आहे. वारा नसतानाही तो कधीकधी हलतो. एकदा, आणि जरा थांबून पुन्हा एकदा. मी उठतो, टोक हातात धरतो आणि ओढतो. आता तो लगेच येतो.